रॉकेट श्रीलंकेला वळसा का घालते, आणि कोकणातून का उडत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पीएसएलव्ही रॉकेट श्रीहरिकोट्याहून निघाल्यावर आधी आग्नेयेला जाते आणि नंतर दक्षिणेकडे वळते, कारण सरळ वाटेत श्रीलंका येते. पण तोवर रॉकेट शंभर किलोमीटरहून अधिक उंचीवर गेलेले असते, मग श्रीलंकेवरून जायला अडचण कोणती? वळशात इंधन वाया घालवण्यापेक्षा रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरून उड्डाण केले तर पुढे सगळा अरबी समुद्र मोकळा आहे, ते का करत नाहीत? इतर देश काय करतात? आणि २०२२ साली चंद्रपूर जिल्ह्यात रॉकेटचे तुकडे पडले, ती कोणत्या उड्डाणस्थळाची चूक होती?

वरवर पाहता हे चार प्रश्न आहेत, पण पहिल्या तिघांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. रॉकेट कुठून उडवायचे, असा विचार आपण बाहेरून करतो. हे काम करणारा माणूस मात्र रॉकेट कुठे पडले तर चालेल, इथून सुरुवात करतो. माझ्या नोकरीची बरीच वर्षे उड्डाणमार्ग आखणे आणि त्या मार्गाखाली राहणाऱ्या लोकांच्या सुरक्षेची गणिते करणे यांत गेली. रुजू झाल्यावर पहिले काही महिने मी रॉकेटचे एकही गणित केले नव्हते. बंगालच्या उपसागराच्या नकाशावर बेटे, जहाजांच्या नेहमीच्या वाटा, मासेमारीचे हंगाम आणि विमानांचे मार्ग चढवत बसलो होतो, आणि मनातून थोडा खट्टूही झालो होतो. त्या नकाशावर जी मोकळी जागा उरली, तिच्यातूनच पुढे उड्डाणमार्ग निघाला.

आधी उंचीचा मुद्दा घेतो. विमानाचे इंजिन बंद पडले तरी ते पंखांच्या आधाराने बरेच अंतर तरंगत जाते आणि वैमानिकाला उतरायची जागा शोधता येते. रॉकेटला पंख नसतात, आणि चढत असताना कक्षेत टिकून राहण्याइतका वेगही त्याला अजून आलेला नसतो. त्यामुळे ज्या क्षणी इंजिनाचा जोर थांबेल, त्या क्षणापासून ते भिरकावलेल्या दगडासारखे वक्र वाटेने खाली येऊ लागते. या क्षणी जोर थांबला तर ते पृथ्वीवर नेमके कुठे येऊन आदळेल, त्या जागेला आपण पतनबिंदू म्हणू. कामावर आम्ही सरळ ‘इम्पॅक्ट पॉइंट’ म्हणायचो. उड्डाणाच्या वेळी सुरक्षा अधिकाऱ्याचे लक्ष रॉकेटपेक्षा या बिंदूवर अधिक असते. रॉकेट अजून किनाऱ्याजवळच्या आकाशात दिसत असते, तेव्हा त्याचा पतनबिंदू पुढे दूर समुद्रावर सरकत असतो. बिंदूच्या दोन्ही बाजूंना आधीच ठरवलेल्या मर्यादारेषा असतात, आणि बिंदू त्या ओलांडू लागला तर रॉकेट मोडून टाकण्याचा संदेश द्यावा लागतो. त्यामागचा हेतू मुख्यतः जोर थांबवून पतनबिंदू होता तिथेच रोखण्याचा आणि उरलेले इंधन हवेतच विखुरण्याचा असतो.

म्हणून ‘रॉकेट श्रीलंकेवरून जाते का’ हा प्रश्न आमच्या दृष्टीने दुय्यम आहे. पतनबिंदू श्रीलंकेवरून जातो का, आणि गेलाच तर तिथे किती वेळ रेंगाळतो, हे पाहावे लागते.

रेंगाळण्याचा हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण पतनबिंदू एकसारख्या गतीने पुढे जात नाही. रॉकेटचा वेग सेकंदाला दोन किलोमीटर असतो तेव्हा पतनबिंदू काही शेकडा किलोमीटरवर असतो आणि तुलनेने सावकाश सरकतो. वेग सात किलोमीटरपर्यंत गेला की तो हजारो किलोमीटर पुढे गेलेला असतो, आणि कक्षेत पोहोचण्याच्या अगदी आधीच्या काही सेकंदांत तो अख्खे महासागर आणि खंड झपाट्याने ओलांडून शेवटी पृथ्वीवरून नाहीसाच होतो. धोक्याचे गणित करताना आम्ही प्रत्येक प्रदेशासाठी तीन गोष्टी एकमेकींशी गुणतो: पतनबिंदू तिथे असतानाच बिघाड होण्याची शक्यता, तुकडे ज्यावर पडतील ते क्षेत्रफळ, आणि तिथली लोकवस्तीची दाटी. अमेरिकेत परवान्यासाठी जी मर्यादा आहे तीत एका उड्डाणामागे सर्वसामान्य जनतेतील अपेक्षित हानी दहा हजारांत एक यापेक्षा अधिक चालत नाही, आणि कोणा एका माणसापुरता धोका दहा लाखांत एकपेक्षा अधिक चालत नाही. आफ्रिकेवरून किंवा युरोपवरून पतनबिंदू डोळ्याची पापणी लवावी तसा जात असेल, तर वस्ती दाट असूनही हा आकडा लहानच येतो. श्रीलंका मात्र श्रीहरिकोट्यापासून जेमतेम साडेचारशे किलोमीटरवर सुरू होते, उत्तर-दक्षिण आणखी चारशे किलोमीटरांहून जास्त पसरलेली आहे आणि तिथे दोन कोटींहून अधिक लोक राहतात. पतनबिंदू सावकाश सरकत असतो, नेमका त्या टप्प्यातच ती वाटेत येते.

खरे तर श्रीलंकेच्याही आधी चेन्नई आहे, आणि हे फारसे कोणी बोलत नाही. पृथ्वीनिरीक्षण करणारे बहुतेक उपग्रह सूर्यसमकालिक कक्षेत पाठवले जातात, म्हणजे ते जवळजवळ दोन्ही ध्रुवांवरून फिरतात आणि कोणत्याही जागेवरून दर वेळी साधारण एकाच स्थानिक वेळेला जातात. या कक्षेचा विषुववृत्ताशी असलेला कोन, म्हणजे कल, सुमारे ९८ अंश असतो. श्रीहरिकोट्याहून त्या कलात सरळ जायचे तर रॉकेटला दक्षिणेच्याही किंचित पश्चिमेला, म्हणजे उत्तरेपासून मोजून सुमारे १८८ अंशांच्या दिशेने निघावे लागेल. नकाशावर पट्टी ठेवून पाहा. ती रेघ शंभर किलोमीटरच्या आत चेन्नईच्या परिसरातून जाते आणि पुढे तामिळनाडूच्या किनाऱ्याला चिकटून उतरते. म्हणून श्रीहरिकोट्याहून निघण्याची दिशा सुमारे १४० अंशांच्या पलीकडे नेली जात नाही. त्या दिशेने सरळच गेले तर कक्षेचा कल ५१ अंशांच्या आसपास येतो, आणि हवा असतो ९८. मधली सगळी तफावत वाटेत, वरचे टप्पे (रॉकेटचे एकावर एक रचलेले आणि एकामागून एक जळणारे भाग) जळत असताना, आडवे वळून भरून काढावी लागते. यालाच बातम्यांत वळसा म्हणतात.

आता हा वळसा किती महाग पडतो ते पाहू. वेगाची दिशा एक अंशाने बदलायची तर ढोबळ मानाने त्या वेळच्या वेगाच्या पावणेदोन टक्के इतका जादा वेग खर्च होतो. सेकंदाला दोन किलोमीटर वेग असताना एका अंशाला ३५ मीटर प्रतिसेकंद लागतात. साडेसात किलोमीटर वेग असताना त्याच एका अंशाला १३० मीटर प्रतिसेकंद द्यावे लागतात. म्हणजे वळायचेच असेल तर लवकर वळावे, पण लवकर वळले तर पतनबिंदू श्रीलंकेकडे ओढला जातो. उड्डाणमार्ग आखणाऱ्याचे निम्मे कौशल्य या दोहोंच्या मधला क्षण निवडण्यात असते. तो क्षण एकदाच ठरवून मोकळे होता येत नाही. उपग्रहाचे वजन, हवी असलेली कक्षा आणि जळून गेलेले टप्पे समुद्रात कुठे पडणार यांवरून प्रत्येक मोहिमेला तो नव्याने काढावा लागतो.

मोठ्या रॉकेटला हा खर्च झेपतो. पीएसएलव्हीचे उड्डाणाच्या वेळचे वजन ३२० टन आहे आणि वळसा घालूनही ते ६०० किलोमीटर उंचीच्या सूर्यसमकालिक कक्षेत सुमारे १,७५० किलो नेते. १५ फेब्रुवारी २०१७ रोजी त्याने एका उड्डाणात १०४ उपग्रह सोडले, तेही याच वळशाने. पण रॉकेट लहान झाले की गणित बिघडते. शेवटच्या टप्प्याच्या रिकाम्या सांगाड्याचे वजन ठरलेले असते, त्यात काटछाट करता येत नाही. वळशाची सगळी किंमत उपग्रहाच्या वजनातून वजा होते. इस्रोचे छोटे रॉकेट, म्हणजे एसएसएलव्ही, १२० टनांचे आहे आणि कमी उंचीच्या कक्षेत पाचशे किलोपर्यंत नेण्यासाठी बनवलेले आहे. त्याचे पहिले तीन टप्पे घन इंधनाचे आहेत, आणि घन इंधन एकदा पेटले की हवे तेव्हा थांबवता येत नाही. अशा रॉकेटला वळसा घालायला लावणे म्हणजे त्याच्या पाचशे किलोंपैकी मोठा वाटा समुद्रात टाकणे होय. तामिळनाडूतील तूत्तुकुडी जिल्ह्यात कुलशेखरपट्टिनम येथे नवे उड्डाणस्थळ बांधण्याचे कारण हेच आहे. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. तिथून दक्षिणेकडे पाहिले तर श्रीलंका डावीकडे आणि मालदीव दूर उजवीकडे राहतात, आणि समोर अंटार्क्टिकापर्यंत पाणीच आहे.

कुलशेखरपट्टिनम विषुववृत्ताच्या जवळ आहे म्हणून निवडले, असे बऱ्याच ठिकाणी लिहिलेले आढळते. ते मला पटत नाही, आणि त्याचे कारण सविस्तर सांगण्यासारखे आहे.

पृथ्वी स्वतःभोवती पूर्वेकडे फिरते, त्यामुळे विषुववृत्तावर उभ्या असलेल्या रॉकेटला सेकंदाला ४६५ मीटरचा वेग जागच्या जागी फुकट मिळतो. श्रीहरिकोट्याला तो ४५२, अमेरिकेच्या केप कॅनव्हरलला ४०९ आणि कझाकस्तानातील बैकोनूरला ३२४ मीटर पडतो. पूर्वेकडे जाणाऱ्या रॉकेटला हा वेग उपयोगी पडतो. त्याहून मोठा फायदा भूस्थिर, म्हणजे आकाशात एकाच जागी स्थिर दिसणाऱ्या, उपग्रहांना होतो, कारण त्यांना शेवटी विषुववृत्ताच्या प्रतलात यायचे असते आणि उड्डाणस्थळ जितके उत्तरेला, तितका कल कमी करण्याचा खर्च अधिक. फ्रेंच गयानातील कुरू ५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. रशियाचे सोयूझ रॉकेट २०११ पासून काही वर्षे तिथून उडाले, तेव्हा भूस्थिर कक्षेकडे जाताना आधी जी संक्रमण कक्षा लागते, तीत ते सुमारे तीन टन नेऊ शकत होते. तेच बैकोनूरहून सुमारे १.७ टन. पण ध्रुवीय कक्षेत जाणाऱ्या रॉकेटला पूर्वेकडचा हा फुकटचा वेग नकोच असतो; उलट तो खोडून काढावा लागतो. म्हणूनच रशियाचे प्लेसेत्स्क जवळजवळ ६३ अंश उत्तरेला असूनही ध्रुवीय उड्डाणांना उत्तम आहे, आणि अमेरिकेने त्यासाठी फ्लोरिडा सोडून कॅलिफोर्नियातील व्हँडनबर्ग निवडले, जिथून दक्षिणेला मोकळा प्रशांत महासागर आहे. कुलशेखरपट्टिनमचे मोल त्याच्या अक्षांशात नाही, त्याच्या दक्षिणेला काहीही नाही यात आहे.

श्रीहरिकोट्याहून पूर्वेकडे जाणाऱ्या उड्डाणांनाही थेट पूर्व गाठता येत नाही, कारण त्या रेषेवर अंदमानची बेटे आणि त्यामागे म्यानमार व थायलंड येतात. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ घेऊन गेलेले रॉकेट थोडे आग्नेयेला झुकूनच निघाले होते. उलट टोकाचे उदाहरण ॲस्ट्रोसॅट या भारताच्या खगोल-वेधशाळा उपग्रहाचे आहे. २०१५ साली पीएसएलव्हीनेच त्याला अवघ्या ६ अंश कलाच्या कक्षेत ठेवले, म्हणजे श्रीहरिकोट्याच्या स्वतःच्या अक्षांशापेक्षाही कमी. तेही वाटेत दिशा बदलूनच.

आता इतर देशांकडे वळू. सगळ्यांची यादी देत नाही; ज्यांच्याकडून या प्रश्नावर काही शिकायला मिळते तेवढेच घेतो.

रशियाकडे मोकळा समुद्र नव्हता, पण ओसाड गवताळ पठार होते. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी बैकोनूरहून स्पुतनिक निघाला आणि १२ एप्रिल १९६१ रोजी तिथूनच गागारिन गेले. ही दोन्ही उड्डाणे ६५ अंश कलाची होती. पुढे ५१.६ अंशांचा मार्ग रूढ झाला. बैकोनूरचा अक्षांश सुमारे ४६ अंश आहे, तेव्हा सरळ पूर्वेला जाऊन ४६ अंशांचा कल सहज मिळाला असता, पण मग जळालेले टप्पे चीनच्या हद्दीत पडले असते. आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकाचा कल ५१.६ अंश असण्यामागे हेच कारण आहे. रशियन रॉकेटांना तिथे पोहोचता यावे म्हणून अमेरिकेने तो मान्य केला आणि स्वतःच्या शटल या अवकाशयानाची वहनक्षमता त्यापायी घटवून घेतली. एका देशाच्या पूर्वेकडील शेजाऱ्यामुळे सगळ्या जगाच्या स्थानकाची कक्षा ठरली.

इस्राएलची अडचण आणखी बिकट आहे. पूर्वेला सगळे शेजारी देश असल्यामुळे त्याने १९ सप्टेंबर १९८८ रोजी ओफेक-१ हा उपग्रह भूमध्य समुद्रावरून चक्क पश्चिमेकडे सोडला. पश्चिमेला जाणे म्हणजे तिथला सेकंदाला सुमारे ३९५ मीटरचा फुकट वेग गमावणे, आणि वर तेवढाच वेग स्वतःच्या इंधनातून भरणे. पूर्वेच्या तुलनेत सेकंदाला आठशे मीटरांच्या आसपासचा हा तोटा आहे. तो पत्करूनच ते आजही उपग्रह सोडतात.

चीनची जुनी उड्डाणस्थळे लष्करी सुरक्षेसाठी देशाच्या आत खोलवर बांधलेली आहेत, आणि त्याची किंमत लोकांनी मोजली आहे. १५ फेब्रुवारी १९९६ रोजी शीचांगहून निघालेले लाँग मार्च ३बी रॉकेट उडताच कलंडले आणि सुमारे २२ सेकंदांत जवळच्या डोंगरावर आदळले. सरकारी आकडा सहा मृतांचा आहे. जळालेले टप्पे आजही अधूनमधून गावांजवळ पडतात, आणि जुन्या लाँग मार्च रॉकेटांचे इंधन विषारी असल्यामुळे तो धोका नुसत्या आघाताचा राहत नाही. हायनान बेटावरील वनचांगहून २०१६ साली पहिले उड्डाण झाले आणि मोठी रॉकेटे समुद्रावरून जाऊ लागली. तिथे जाण्यामागे आणखी एक साधे कारण होते: पाच मीटर व्यासाचे टप्पे रेल्वेच्या बोगद्यांतून जात नाहीत, जहाजातून जातात.

अमेरिकेचे उदाहरण मला सर्वांत आवडते, कारण त्यात उत्तर बदललेले दिसते. नोव्हेंबर १९६० मध्ये केप कॅनव्हरलहून निघालेल्या एका रॉकेटात बिघाड होऊन त्याचे तुकडे क्यूबात पडले आणि त्यात एक गाय मेली, असे सांगितले जाते. त्यावरून मोठे राजकारण झाले, आणि १९६९ नंतर कित्येक दशके तिथून ध्रुवीय उड्डाणे बंदच राहिली. ३० ऑगस्ट २०२० रोजी अर्जेंटिनाचा साओकॉम-१बी हा उपग्रह घेऊन स्पेसएक्स कंपनीचे फाल्कन ९ रॉकेट पुन्हा त्याच बाजूने, फ्लोरिडाचा किनारा डावलून आणि मग क्यूबावरून, ध्रुवीय कक्षेत गेले. क्यूबा तर जागचा हलला नव्हता. रॉकेटची विश्वासार्हता वाढली होती, पहिला टप्पा परत येऊन जमिनीवर उतरत होता, आणि मर्यादारेषा ओलांडली तर रॉकेट मोडण्याचा निर्णय जमिनीवरच्या माणसाऐवजी रॉकेटवरचीच यंत्रणा घेत होती. त्यामुळे ‘श्रीलंकेवरून कधीच जाता येणार नाही का’ असे कोणी विचारले तर मी ठाम नाही म्हणणार नाही. मात्र क्यूबाच्या वेळेपर्यंत फाल्कन ९ ची उड्डाणे ज्या संख्येने झाली होती, त्या संख्येशिवाय असा दावा कागदावर मांडता येत नाही, आणि शेजारी देशाची संमती हा गणिताबाहेरचा विषय आहेच.

जपानचा धडा मासेमारांचा आहे. तानेगाशिमाच्या आसपासच्या मच्छीमार संघटनांशी झालेल्या करारांमुळे तिथे वर्षातील ठरावीक दिवसच उड्डाणे करता येत असत. ते बंधन २०११ साली उठले. आपल्याकडेही उड्डाणाआधी जहाजांना आणि विमानांना सूचना जातात आणि मासेमारांना ठरलेल्या पट्ट्यात जाऊ नये असे कळवले जाते. तरीही एखादी होडी आत शिरते आणि उलटगणना थांबते. माझ्या अनुभवात अशा वेळी चिडचिड होते ती नियंत्रण कक्षात बसलेल्यांची. त्या होडीतल्या माणसासाठी तो रोजच्या कमाईचा दिवस असतो.

माणसे नेणाऱ्या उड्डाणात हेच गणित आणखी एकदा, उलट्या बाजूने करावे लागते. इथे खालच्या माणसांबरोबर वरच्या माणसांनाही कुठेतरी सुखरूप उतरवायचे असते. म्हणून मार्गावरच्या प्रत्येक बिंदूसाठी ‘इथे मोहीम सोडावी लागली तर कुपी (अंतराळवीर बसतात तो भाग) कुठे उतरेल’ याचे उत्तर तयार ठेवावे लागते. ५ एप्रिल १९७५ रोजी सोयूझचे उड्डाण अर्ध्यावर फसले आणि दोघे अंतराळवीर अल्ताईच्या बर्फाळ उतारावर उतरले. ११ ऑक्टोबर २०१८ रोजी पुन्हा तसेच घडले, तेव्हा कुपी कझाकस्तानच्या पठारावर उतरली आणि दोघेही सुखरूप राहिले. अमेरिकेतून अवकाशस्थानकाकडे जाणारी कुपी समुद्रात उतरते, म्हणून तिथे उड्डाणस्थळाच्या हवामानाबरोबरच उत्तर अटलांटिकमधून थेट आयर्लंडपर्यंतच्या लाटा आणि वारे तपासले जातात. २५ जून २०२५ रोजी शुभांशु शुक्ला केनेडी अवकाश केंद्रातून गेले, तेव्हाही हा सगळा पट्टा पाहिलेला होता. राकेश शर्मा १९८४ साली बैकोनूरहून गेले, तेव्हा त्यांच्या खाली जमीन होती. माणसे नेणाऱ्या भारताच्या गगनयानाच्या खाली समुद्र असेल, आणि त्यासाठी नौदलाच्या शोधनौका कुठे उभ्या करायच्या हा उड्डाणमार्गाचाच भाग ठरतो.

इथवरचा मुद्दा इतकाच, की सुरुवातीचे शेकडो किलोमीटर मोकळे हवेत, टप्पे पडायच्या जागा मोकळ्या हव्यात, आणि अक्षांशाचा विचार त्यानंतर. या कसोटीवर कोकण तपासून पाहू.

पूर्वेकडे उडवायचे तर रत्नागिरीहून निघालेल्या रॉकेटचा पतनबिंदू सह्याद्री ओलांडून कोल्हापूर, मग कर्नाटक, तेलंगण, आंध्र असा आठ-नऊशे किलोमीटर दाट वस्तीवरून जाईल, आणि तोही सावकाश. ते विचारातच घेता येत नाही. पश्चिमेकडे उडवले तर इस्राएलसारखा तोटा; रत्नागिरीच्या अक्षांशावर तो सेकंदाला ८९० मीटरांच्या आसपास भरतो, आणि आपल्याला तशी सक्ती नाही. उरते दक्षिण. इथे मात्र कोकणाच्या बाजूने एक गोष्ट आहे, ती प्रामाणिकपणे सांगायला हवी: आपला किनारा दक्षिणेकडे जाताना पूर्वेला कलत जातो, त्यामुळे दक्षिणेला निघालेले रॉकेट गोवा आणि कर्नाटकापासून दूरच सरकत जाईल. चेन्नईसारखे शहर वाटेत नाही. पण रत्नागिरीहून १८८ अंशांची रेघ ओढली की ती सातशे किलोमीटरवर नेमकी लक्षद्वीपच्या बेटांवर जाते, आणि पुढे मालदीवच्या पश्चिम अंगाला फारसे अंतर न ठेवता उतरते. लक्षद्वीपची लोकसंख्या साठ-पासष्ट हजारांची आहे, त्यामुळे नुसत्या आकड्यांत गणित बसेलही. पण बेटे थेट रेषेवर आहेत, मालदीव दुसरा देश आहे, आणि दोन्ही टाळायचे तर आधी पश्चिमेला जाऊन मग दक्षिणेला वळायचे. म्हणजे ज्या वळशापासून सुटण्यासाठी कोकणात आलो, तोच वळसा इथेही घालायचा.

शिवाय मुंबईकडे येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांची वर्दळ, तीन हजार मिलिमीटरांच्या आसपासचा पाऊस, आणि जमीन. श्रीहरिकोट्याला एक अख्खे बेट हाती आले होते. कोकणात पाच गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर पंधरा नावे असतात. त्यातून सुरक्षा-परिघासाठी काही हजार एकर सलग मोकळी करणे हे रॉकेट बांधण्याहून सोपे असेल, असे मला वाटत नाही.

पश्चिम किनारा सर्वस्वी निरुपयोगी आहे, असा मात्र याचा अर्थ नाही. भारतातून पहिले अवकाश-रॉकेट २१ नोव्हेंबर १९६३ रोजी उडाले ते केरळातील थुंब्याहून, म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरूनच. ती संशोधन-रॉकेटे होती. वर जाऊन मोजमाप करायची आणि जवळच्या समुद्रात पडायची. त्यांना कक्षा गाठायची नसल्यामुळे दिशेची अडचण नव्हती, आणि थुंबा निवडले गेले ते चुंबकीय विषुववृत्त तिथून जाते म्हणून. अशी लहान रॉकेटे उद्या कोकणातूनही उडू शकतील. कक्षेत जाणाऱ्या रॉकेटासाठी अरबी समुद्र वापरायचाच असेल, तर मी किनाऱ्याऐवजी तरंगत्या तळाचा विचार करीन. इटलीने १९६७ साली केनियाच्या किनाऱ्याजवळच्या समुद्रातील तळावरून उपग्रह सोडला होता, १९९९ पासून प्रशांत महासागरात विषुववृत्तावरील तरंगत्या तळावरून व्यावसायिक उड्डाणे झाली, आणि चीनने २०१९ मध्ये पिवळ्या समुद्रात जहाजावरून रॉकेट उडवले. खर्च आणि समुद्राची हालचाल या त्यातल्या अडचणी आहेत, पण बेटे टाळून तळच हलवता येतो.

राहिला चंद्रपूरचा प्रश्न. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात धातूचे मोठे कडे पडले आणि आसपास गोळेही सापडले. ते चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटच्या, २०२१ मध्ये उडालेल्या तिसऱ्या टप्प्याचे अवशेष असावेत, असे जाणकारांचे मत आहे. यात उड्डाणस्थळाचा दोष नाही, कारण तो टप्पा उड्डाणाच्या वेळी पडलाच नव्हता. उपग्रह सोडून झाल्यावर वर्षभराहून अधिक काळ तो पृथ्वीभोवती फिरत राहिला आणि विरळ हवेच्या घर्षणाने हळूहळू खाली आला. तो नेमका कुठे पडेल, हे काही तास आधीही खात्रीने सांगता येत नाही, कारण अर्ध्या तासाचा फरक पडला तरी जागा जगाच्या दुसऱ्या टोकाला जाते. यावर उपाय उड्डाणमार्ग आखणाऱ्याच्या नाही, तर रॉकेट बनवणाऱ्याच्या हातात असतो: शेवटच्या टप्प्यात थोडे इंधन राखून ठेवायचे आणि काम झाल्यावर त्याला निर्जन समुद्रात उतरवायचे. सगळे देश दर वेळी तसे करत नाहीत, कारण ते इंधन पुन्हा उपग्रहाच्या वजनातूनच वजा होते. आपणही त्यातून पूर्ण सुटलेले नाही. जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर वाहून आलेले नळकांडे पीएसएलव्हीच्या तिसऱ्या टप्प्याचे असावे, असे तिथल्या अवकाश संस्थेने सांगितले. तो टप्पा मात्र ठरल्याप्रमाणे समुद्रातच पडलेला होता, एवढाच फरक.

असा एखादा तुकडा किंवा गोळा शेतात सापडला तर त्याला हात लावू नये आणि घरी नेऊ नये. गोळे बहुधा दाबाखालच्या वायूच्या टाक्या असतात, पण काहींत हायड्राझिनसारख्या विषारी इंधनाचा अंश राहिलेला असू शकतो, आणि तो नुसत्या वासाने ओळखण्याच्या भानगडीत पडू नये. लोकांना दूर ठेवून पोलीस पाटील किंवा तहसील कार्यालयाला कळवावे.